स्टड काढून बोल्ट? नको रे बाबा!

मित्रांनो, मैत्रिणींनो आणि (हे पान चुकून उघडलंच असेल तर) सर-मॅडमहो, सुरुवातीलाच कबूल करते. माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली. ‘थ्रेड’ला मराठीत ‘आटे’ म्हणतात हे मला थर्ड इयरला कळलं, आणि तेही पुस्तकातून नाही, सोलापुरातल्या एका गॅरेजमध्ये. तेव्हा भाषेची चूक पोटात घाला. लिहिलंय ते मात्र मनापासून.

विषय अगदी छोटा आहे. जुन्या गाडीच्या इंजिनाला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टड आणि नटांनी बसवलेला असतो. दुरुस्तीच्या वेळी ते स्टड काढून त्या जागी सरळ बोल्ट मारावेत का? बरेच जण मारतात. माझं मत आहे की मारू नयेत. हे मत मी फुकट मिळवलेलं नाही.

आमच्या आजोबांकडे बार्शीला प्रीमियर पद्मिनी आहे. चालू आहे बरं का, शोभेची नाही! या गाडीचं आणि सोलापूरचं नातं आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढणारे वालचंद हिराचंद १८८२ साली आपल्या सोलापुरातच जन्मले. त्यांच्या कंपनीने फियाट ११०० भारतात आणली आणि तीच गाडी १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं इंजिन, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी थोडक्यात सांगते. स्टड म्हणजे डोकं नसलेला बोल्ट. दोन्ही टोकांना आटे असतात. एक टोक हेडमध्ये बसून राहतं, दुसऱ्या टोकावर मॅनिफोल्ड अडकवून नट आवळायचा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गाडी कामाला काढली. स्टड गंजलेले, एक तर काढताना तुटलाच. मिस्त्रींनी तो ड्रिल मारून काढला आणि म्हणाले, नवे स्टड टाकू. पण माझं मशीन डिझाईनचं सबमिशन नुकतंच झालेलं, अंगात जोर होता. मी म्हटलं, ‘‘स्टड आणि नट असे दोन पार्ट कशाला? ८.८ ग्रेडचे बोल्ट घालू. मजबूत आणि एकच पीस. पुढच्या वेळी पटकन निघतील.’’

मिस्त्री म्हणाले, ‘‘ताई, बोल्ट लोखंडाचा हाय, पन हेड मऊ हाय की. आटे कुनाचे जानार?’’

मी हसले. आजोबा कौतुकाने म्हणाले, ‘‘आमची नात इंजिनिअर होणार आहे, ती म्हणते तसं करा.’’ झालं! बोल्ट बसले.

त्यानंतर पॅकिंग उडालं म्हणून दोनदा बोल्ट काढून घातले. दुसऱ्या वेळी एक बोल्ट घट्टच होईना, नुसता फिरायला लागला. मी ‘चालतंय’ म्हटलं. (हा आपल्या हॉस्टेलचा राष्ट्रीय शब्द आहे.) एप्रिलमध्ये आजोबा आजीला डोळे दाखवायला सोलापूरला घेऊन निघाले, मी मागे बसले होते. वैरागच्या पुढे फट् फट् आवाज आणि धुराचा वास सुरू झाला. डोळे दाखवायला निघालेली आजी डोकं धरून बसली, मळमळतंय म्हणाली. उन्हाळा म्हणून काचा खाली होत्या, हे आमचं नशीब. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास. थंडीत काचा लावून निघालो असतो तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही. गाडी थांबवली, आजीला झाडाखाली बसवलं, अर्ध्या तासाने तिला बरं वाटलं. आजोबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता कारणं. पहिलं कारण मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितलं होतं. बोल्ट प्रत्येक वेळी काढता-घालताना हेडच्या मऊ आट्यांवर घासतो. स्टड असेल तर फिरतो तो नट, स्टडच्या लोखंडी आट्यांवर. झिजलं तर नट आणि स्टड झिजणार, आणि त्यांची किंमत चहा-पोह्यांच्या हिशोबातली आहे. हेडचं तसं नाही. २००१ नंतर पद्मिनी बनतच नाही, तर नवं हेड कुठून आणणार?

दुसरं कारण लांबीचं, आणि माझी खरी चूक इथेच झाली. बाजारात बोल्ट ५-५ मिलीच्या फरकाने मिळतात. ३५ मिलीचा भोकाच्या तळाला टेकत होता, म्हणजे हाताला घट्ट वाटणार आणि मॅनिफोल्ड ढिलाच राहणार. म्हणून मी ३० चा घातला. ८ मिलीच्या बोल्टचा पिच सव्वा मिली. ॲल्युमिनियममध्ये व्यासाच्या दीडपट, म्हणजे १२ मिली तरी पकड हवी, साधारण साडेनऊ आटे. माझ्या बोल्टने जेमतेम पाच-सहा धरले होते. स्टड मात्र भोकाची पूर्ण खोली वापरतो, बाहेर मॅनिफोल्ड कितीही जाड असो.

तिसरं कारण, जोडणी. स्टडवर आधी पॅकिंग अडकवा, मग मॅनिफोल्ड, दोन्ही हात मोकळे. बोल्ट असेल तर एका हातात बिडाचं धूड, दुसऱ्या हातात बोल्ट, आणि पॅकिंग पकडायला तिसरा हात कुठून आणणार?

बोल्टची बाजूही सांगितली पाहिजे. जागा अडचणीची असेल, स्टडमुळे मॅनिफोल्ड बाहेरच येत नसेल, तर बोल्टच सोयीचा. कंपनीनेच बोल्ट दिले असतील तर तेच ठेवावेत. नट गंजला तर स्टडही नटासकट फिरून बाहेर येतो, हेही खरं. पण त्यावर उपाय आहे. पितळी नट वापरा, ते लोखंडी स्टडला गंजून चिकटत नाहीत.

शेवटी हेड उतरवून त्या भोकात हेलिकॉईल बसवावी लागली, म्हणजे स्टीलच्या तारेचे नवे आटे. सगळीकडे नवे स्टड आणि पितळी नट आले. मिस्त्री ‘मी सांगितलं होतं’ म्हणाले नाहीत. त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘‘आता तुमीच आवळा.’’

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण डिझाईनमध्ये ‘कोणता पार्ट मजबूत’ हे शिकतो. ‘कोणता पार्ट आधी झिजला पाहिजे’ हे कोणी विचारत नाही. स्वस्त वस्तू झिजावी आणि महागडी वाचावी म्हणूनच कुणीतरी तिथे स्टड ठेवला होता. सर, रागावणार नसाल तर एक विनंती आहे. वर्कशॉपमध्ये आटे गेलेलं एक जुनं हेड आणून ठेवा आणि व्हायव्हात हा प्रश्न विचारा. मला विचारलात तर पैकीच्या पैकी नक्की!

आणि हो, आजी आता परत गाडीत बसते. फक्त बसायच्या आधी माझ्याकडे बघून विचारते, ‘‘आवळलंस ना गं नीट?’’