मोळी टाकण्याआधी हिशोब टाका

चेअरमनसाहेब, कार्यकारी संचालकसाहेब, आणि मुंबई-दिल्लीत बसून आमच्या शेतातल्या धुराची गणितं मांडणारे सगळेच साहेब,

हे विनंतीपत्र नाही. विनंत्या करून झाल्या. वार्षिक सभेत माईक हातात आला की तो बंद कसा पडतो, हेही पाहून झालं. येत्या दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटेल, सत्यनारायण होईल, आणि मग गव्हाणीत मोळी टाकायला तुम्ही फेटे बांधून उभे राहाल. त्याच्या आत आम्हाला चार गोष्टींचा हिशोब हवा आहे. तो लेखी हवा आणि मराठीत हवा.

पहिली गोष्ट गेल्या हंगामातली. २०२५ साली मोसमी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोसळायला लागला आणि दिवाळीपर्यंत त्यानं रान सोडलं नाही. कृष्णाकाठच्या काळ्या रानात सरीतून पाणी हलेना, वाफसा म्हणून आला नाही. उसाला तुरा वेळेआधी आला, वजन घटलं. ऊसतोडीच्या टोळ्या कमी आल्या. ज्या आल्या त्यांनी आधी खुशाली किती देणार ते विचारलं. म्हणून कारखान्याच्या शेतकी खात्यानं सांगितलं, हार्वेस्टर घ्या, दोन तासांत फड मोकळा.

फड मोकळा झाला, हे खरं. ओल्या रानात ते अवजड धूड फिरलं तशा गुडघाभर चाकोऱ्या पडल्या. तळातून कापायच्या पात्यांनी निम्म्या ठिकाणी बुडखेच उखडले. खोडव्याचं काय होणार ते त्याच दिवशी दिसत होतं. ड्रायव्हर पोरगा चांगला होता. तो म्हणाला, "काका, मशीनला साडेचार-पाच फुटाची सरी लागती, आणि तुमची हाय तीन फुटाची. मी काय करू?" त्याचं चुकलं नाही. ज्यांनी पाच वर्षं तीन फुटी सरीच्या लागणीची नोंद डोळे झाकून करून घेतली आणि सहाव्या वर्षी मशीन पाठवलं, त्यांना मात्र हा प्रश्न विचारायला हवा.

मग काट्यावरची पावती आली. ती माझ्यासमोर आहे. डबल ट्रॉलीचं उसाचं वजन १८ टन ४०० किलो. त्याखाली 'पाचट वजावट' साडेचार टक्के, म्हणजे ८२८ किलो. टनाला ३,४०० रुपये धरले तर एका खेपेला २,८१५ रुपये गेले. हे साडेचार टक्के कुणी मोजले? ट्रॉलीतला नमुना काढून, पाचट वेगळं करून, वजन करताना मी तरी कुणाला पाहिलं नाही. कोरड्या रानातला ऊस असो की चिखलातला, पंखा नीट चालणारं मशीन असो की तुंबलेलं, आकडा एकच. मोजमाप न करता कापलेल्या रकमेला गावात काटामारी म्हणतात, पावतीवर दुसरा शब्द छापला म्हणून तिचं नाव बदलत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ती ऐकताना जरा सावरून बसा. वजन म्हणून ज्या पाचटाचे पैसे तुम्ही कापता, ते गव्हाणीतून उसाबरोबरच आत जातं आणि त्यातलं बरंचसं बगॅसमध्ये मिसळून बॉयलरमध्ये जळतं. त्याची वाफ होते, विजेला भाव मिळतो. कोळशाऐवजी बगॅस जाळला म्हणून क्योटो कराराच्या काळात देशातल्या कित्येक साखर कारखान्यांनी सहवीजनिर्मितीचे प्रकल्प नोंदवले आणि कार्बन क्रेडिट मिळवली. धंदा म्हणून त्यात वावगं काही नाही. पण तो बगॅस आला कुठून? आमच्या फडातून. एक टन ऊस गाळला की पाव टनाहून जास्त बगॅस निघतो, हे तुमच्याच अहवालात छापलेलं असतं.

रंगराजन समितीनं २०१२ साली सूत्र सांगितलं : साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या उपपदार्थांच्या उत्पन्नातले ७० टक्के ऊस उत्पादकाचे. राज्यानं २०१३ साली ऊसदराचा कायदा केला. त्या हिशोबात 'कार्बन' हा शब्द कुठेच नाही. तेव्हा कुणाला सुचला नसेल. आता केंद्रानं २०२३ साली कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये शेतीसाठीच्या ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडाही आणला आहे. तेव्हा 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर यापुढे चालणार नाही. कारखान्यानं आजवर एक तरी क्रेडिट विकलं आहे का, विकलं असेल तर कितीला, आणि पुढे विकलं तर आमचा वाटा किती? नसेल विकलं तर 'नाही' एवढंच लिहून द्या, आम्हाला तेवढंही पुरेल.

तिसऱ्या गोष्टीसाठी सरकारकडे वळतो.

कार्बन कर आला तर शेतकरी मरेल, अशी कुजबुज चावडीवर चालू आहे. मोबाइलवर कॅनडाचे, न्यूझीलंडचे ट्रॅक्टर मोर्चे फिरतात आणि आमची पोरं विचारतात, आपल्याकडे कधी येणार हा कर? मी त्यांना सांगतो, बाबांनो, तो आलेला आहे, फक्त त्याची पाटी वेगळी आहे. १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात डिझेलच्या प्रत्येक लिटरवर चार रुपयांचा उपकर बसला. नाव, कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर. त्या दिवशी पंपावरचा भाव वाढला नाही, कारण दुसऱ्या खात्यातून तेवढी रक्कम कमी केली. पण उपकराच्या पैशात राज्याला वाटा द्यावा लागत नाही, ही त्यातली मेख. राज्याचा व्हॅट वेगळा, तो आणखी वर.

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एक टन व्हायला साधारण ३७० लिटर जाळावं लागतं. लिटरला चार रुपये धरले तर टनाला जवळपास दीड हजार रुपये. माझ्या डायरीत गेल्या वर्षीचं घरच्या ट्रॅक्टरचं डिझेल लिहिलेलं आहे, ४१० लिटर. नांगरट, रोटर, सऱ्या, शेणखताच्या खेपा. त्यावर या एका उपकराचे १,६४० रुपये मी भरले, आणि शेतीच्या नावानं घेतलेल्या त्या पैशातून माझ्या शिवारात काय उभं राहिलं ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

डेन्मार्क हा जगातला पहिला देश, ज्यानं पशुपालकांवर हवामानाचा कर ठरवला. तो २०३० साली सुरू होणार. सगळी सूट धरून टनाला १२० क्रोनर, म्हणजे आपले दीड हजारांहून थोडे जास्त. पहिली दोन वर्षं जमणारा पैसा पुन्हा शेतीतच घालायचा, असंही तिथं ठरलं. तो कर गाईंच्या ढेकरांवर आहे, आपला डिझेलवर, एवढा फरक मान्य. पण आकडा बघा. तिथला गवळी २०३० ला जे द्यायला लागेल, जवळपास तेवढं इथला ऊसवाला पाच वर्षांपूर्वीपासून देतो आहे, आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

कॅनडाचं तर आणखी शिकण्यासारखं. तिथं इंधनावर कार्बन आकार होता, २०१९ ला टनाला २० डॉलर, पुढे वाढत २०२४ ला ८० पर्यंत गेला. तरी शेतात वापरायच्या डिझेलला त्यातून पहिल्या दिवसापासून माफी होती. शेतकऱ्यानं दाखला द्यायचा, आकार लागायचा नाही. तिथलं भांडण ओला गहू, मका वाळवायच्या ड्रायरला लागणाऱ्या गॅसवर होतं, कारण त्याला माफी नव्हती. पावसात सापडलेलं पीक वाळवणं ही चैन नाही, दुसरा उपायच नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठीचं विधेयक कनिष्ठ सभागृहात पटलं, सिनेटनं त्याला कात्री लावली, आणि शेवटी १ एप्रिल २०२५ पासून सामान्य ग्राहकांवरचा तो आकारच शून्य झाला. न्यूझीलंडनं २०२२ मध्ये जनावरांच्या वायूवर आकारणीचा प्रस्ताव आणला, तो २०२४ मध्ये गुंडाळला. तिथल्या शेतकऱ्यांनी काही जादू केली नाही, त्यांनी कराचा हिशोब मागितला.

तेव्हा शेतीच्या डिझेलवरचा हा उपकर शेतकऱ्याला परत मिळाला पाहिजे. सातबारा आणि ट्रॅक्टरचं नोंदणीपुस्तक दोन्ही तुमच्या संगणकात आहेत. पीएम किसानचे पैसे खात्यात पाठवता येतात, तर हेही पाठवता येतील. आणि खतांचंही आत्ताच बोलून ठेवतो. कार्बनच्या मर्यादा ज्या उद्योगांना लागू करायच्या आहेत, त्यांच्या यादीत खतांचे कारखाने आहेत. युरियाची पिशवी बांधलेल्या भावात मिळते, पण १०:२६:२६ ची नाही. तिथं कारखान्याचा कार्बनखर्च आमच्या पोत्यावर चढला, तर तो कार्बन करच असेल, पाटी कुठलीही लावा.

राहिली चौथी गोष्ट. ती टॅब घेऊन बांधावर येणाऱ्या तरुणांच्या मालकांना.

माघात एक मुलगा आला होता. टी-शर्टवर कंपनीचं हिरवं पान. म्हणाला, "काका, पाचट पेटवू नका, आम्ही तुम्हाला कार्बनचे पैसे मिळवून देतो. फक्त आधार आणि ओटीपी द्या." करार इंग्रजीत, चौदा पानी. पोरीकडून वाचून घेतला. मुदत वीस वर्षं. मी विचारलं, शेजाऱ्याच्या फडातली ठिणगी माझ्या पाचटावर पडली तर? तो गप्प. रान वाटणीत पोरांकडे गेलं तर? गप्प. क्रेडिट कितीला विकलं ते मला कोण सांगणार? "ॲपवर दिसेल," म्हणाला. मुलगा गरीबाघरचा वाटला, चहा पाजून पाठवला. कंपनीला मात्र सांगतो, मराठी करार, तोट्याची जबाबदारी आणि विक्रीचा भाव यांशिवाय आमच्या गावात एकाचाही अंगठा मिळणार नाही. ज्यांनी आधीच ओटीपी दिले त्यांचे करार रद्द करायचा अर्ज आम्हीच मराठीत लिहून देऊ.

आपल्या माणसांनाही खडसावतो, कारण नाहीतर हे पत्र एकडोळ्याचं होईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी पुलावर उभं राहिलं की दोन्ही काठांवर लाल रेघा दिसतात. पाचट पेटवणारे आपणच. त्यात गांडुळं जातात, ओल जाते, खोडव्याचे डोळे भाजतात, आणि वर विजेच्या खांबाची तार तुटते. कुट्टी करून सरीआड सरी पाचट दाबलं की उन्हाळ्यात एक-दोन पाण्याच्या पाळ्या वाचतात, हे करून बघितलेल्या कुणालाही विचारा. आपण स्वतः पेटवत राहिलो, तर साहेबांना हिशोब विचारताना आवाज चढणार नाही. येत्या हंगामात आमच्या गावात पाचट पेटवणाऱ्याचं नाव चावडीच्या फळ्यावर लिहायचं ठरलं आहे, मग तो माझा भाऊ का असेना.

तर दसऱ्याच्या आत हे व्हायला हवं. हार्वेस्टरच्या उसाची वजावट प्रत्येक खेपेचा नमुना शेतकऱ्यासमोर वजन करून ठरावी. कार्बन क्रेडिटच्या व्यवहाराचं लेखी उत्तर सभासदांना मिळावं, आणि पुढचं असं उत्पन्न उपपदार्थांच्या हिशोबात धरल्याचा ठराव व्हावा. डिझेलच्या उपकराबाबत आमच्या आमदार-खासदारांनी सभागृहात काय विचारलं, त्याची प्रत गावात लागावी. कंपन्यांचं वर सांगितलंच आहे.

नाही झालं, तर आम्ही रस्त्यावर टायर जाळणार नाही. धुराबद्दल बोलायचं आणि टायर पेटवायचे, असला पोरकटपणा आम्हाला जमायचा नाही. उसाच्या गाड्या अडवून दुसऱ्या शेतकऱ्याचा माल वाळवणारही नाही. आम्ही ऊस उभा ठेवू. लागणीच्या नोंदीवर आमच्या सह्या आहेत, पण तोडणीच्या संमतीवरची सही अजून आमच्या हातात आहे. शेजारच्या तीन कारखान्यांची कार्यक्षेत्रं आमच्या शिवेला लागून आहेत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. एक पंधरवडा गव्हाण अर्धी चालली की कारखान्याला काय खर्च येतो, ते तुमच्या चीफ इंजिनिअरला विचारा. आमचंही नुकसान होईल. वाढलेला तुरा आणि घटलेलं वजन आम्ही मोजून बसलो आहोत.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही म्हण आमच्यापेक्षा तुमच्या भाषणांत जास्त येते. बुडखे कुणी उखडले ते आमच्या रानात येऊन पाहा.

गावकऱ्यांनो, गेल्या हंगामातल्या काट्याच्या सगळ्या पावत्या, टनेजची स्लिप आणि डिझेलची बिलं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. थर्मल कागदावरची शाई सहा महिन्यांत उडते, म्हणून आजच झेरॉक्स काढा. घटस्थापनेदिवशी सकाळी नऊला सोसायटीच्या ओट्यावर त्या घेऊन या.