फरशी कुणाच्या पायांसाठी?

यवतमाळ हा सागवानाचा जिल्हा. तरी इथेही नव्या घरात सागाचा नुसता भास देणारी फरशी बसते. हौसेला हरकत नाही. पण घरात म्हातारी मांजर असेल, तर निवड तिच्या पायांनी करावी. संधिवाताने आखडलेले पाय गुळगुळीत फरशीवर घसरतात. मूत्रपिंडे थकली की लघवी वारंवार होते. ती जोडांत मुरली की लॅमिनेटची फळी फुगते, वास हटत नाही. त्यापेक्षा किंचित खरखरीत, बिनचकाकीची व्हिट्रिफाइड टाइल बरी. ती अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही, नखांनाही दाद देत नाही. जोडांत इपॉक्सी भरावे. हिवाळ्यात ती गार पडते, म्हणून कोपऱ्यात जुनी गोधडी अंथरावी. शेवटी, त्याच फरशीवरून आजीही चालणार आहे.