पीस थोर की हात थोर?

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला (इतिहास)

कोंबडीचे पीस आमच्या घरी केराबरोबर उकिरड्यावर जाते. तसेच एखादे पीस दूरदेशी कुणी चिमट्यात धरून उजेडाकडे निरखतो, त्याची चकाकी तपासतो आणि त्यासाठी पैसे मोजतो, असे मला कॉलेजात येण्यापूर्वी कुणी सांगितले असते तर माझा विश्वास बसला नसता. इतिहासाच्या तासाला वस्तुसंग्रहालयांचा विषय निघाला, त्यात पिसांच्या एका चोरीची हकीकत आली आणि तिच्यामागे लागून मी या कलेपर्यंत पोहोचले. ही कला म्हणजे माशासाठी माशी बांधणे! इंग्रजीत तिला ‘फ्लाय टाइंग’ म्हणतात.

ट्राउट नावाचा थंड पाण्यातला मासा पाण्यातले व पाण्यावर उतरणारे किडे खातो. त्या किड्याची नक्कल पिसे, केस आणि रेशीम घेऊन गळावर बांधायची. गळ कधी कधी तांदळाच्या दाण्याएवढा. त्यावर किड्याचे अंग, पंख आणि पाय उभे करायचे! पिसासारखी नाजूक वस्तू हाताळणे म्हणजे पोरखेळ नव्हे. पिसाच्या मधल्या दांडीला दोन्ही अंगांनी तंतू असतात, तंतूंना उपतंतू आणि त्यांना डोळ्यांना न दिसणाऱ्या आकड्या. म्हणूनच विस्कटलेले पीस बोटांतून अलगद ओढले की पुन्हा जुळून येते. दोरा जरा अधिक ताणला की दांडी चेपते आणि पीस भलतीकडेच वळते. मोरपिसाचा सुटा तंतू ठिसूळ. म्हणून तो दोऱ्याबरोबर पिळून मग गुंडाळतात. सोनेरी फेझंटच्या तुऱ्यातले पीस वेडेवाकडे असेल तर ते ओले करून काचेच्या पेल्याला बाहेरून चिकटवतात. वाळताना ते पेल्याची गोलाई घेते. पंखांसाठी एक पट्टी पक्ष्याच्या डाव्या पंखातल्या पिसाची घेतात, तर दुसरी उजव्या. दोन्ही एकाच बाजूच्या घेतल्या तर जोडी जमत नाही.

हे वाचताना मला ओळखीचे काहीतरी भेटल्यासारखे वाटले. माझे वडील बुरूडकाम करतात. वाळलेली कामटी ते आधी पाण्यात भिजवतात आणि मगच वळवतात. जिन्नस जेवढा ऐकेल तेवढेच त्याला सांगावे, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवले नाही. माशी बांधणाराही तेच करतो. म्हणूनच या कलेविषयी मला मनापासून आदर वाटतो, आणि म्हणूनच तिच्यात शिरलेल्या एका रोगाविषयी बोलावेसे वाटते. हा रोग म्हणजे दुर्मिळतेलाच सौंदर्य समजणे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या धनिकांनी सॅमन माशासाठी रंगीबेरंगी माश्या बांधून घ्यायला सुरुवात केली. ‘जॉक स्कॉट’ या प्रसिद्ध माशीचेच पाहा. तिच्यात दक्षिण अमेरिकेचा टूकन, आफ्रिकेचा शहामृग, चीनचा सोनेरी फेझंट, आणि आपल्याकडचे मोर व रानकोंबडा! एका गळावर अर्धे जग. १८९५ साली जॉर्ज केल्सन याने ‘द सॅमन फ्लाय’ हा ग्रंथ लिहून अशा माश्यांच्या कृती बारकाईने नोंदवल्या. कुठल्या पक्ष्याचे पीस कुठे लावायचे, सारे ठरलेले. गंमत अशी की, समुद्रातून अंडी घालण्यासाठी नदीत परतलेला सॅमन जवळजवळ काही खातच नाही. तो गळावर का झेपावतो याचा उलगडा करू पाहणाऱ्यांनी पाने भरली. पण टूकनचे पीस आणि रंगवलेले कोंबडीचे पीस यांतला फरक त्याला कळतो, असे कुणी सिद्ध केलेले नाही. मग ती पिसे कोणासाठी होती? माशासाठी खचितच नव्हती. ती गळ टाकणाऱ्याच्या मिजाशीसाठी होती.

या मिजाशीचे टोक २००९ सालच्या जून महिन्यात गाठले गेले. इंग्लंडमधील ट्रिंग येथे निसर्गेतिहास संग्रहालयाचा पक्षिसंग्रह आहे. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये बासरी शिकणारा एक विशीतला अमेरिकन तरुण रात्री खिडकीतून तेथे शिरला आणि २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी घेऊन गेला. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने मलाया द्वीपसमूहात गोळा केलेले पक्षीही होते. ती पिसे जुन्या कृतींप्रमाणे माश्या बांधणाऱ्या शौकिनांना विकली गेली. तो पकडला गेला. २०११ साली त्याला १२ महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित.

पिसेच ती, त्यात एवढे काय गेले, असे कुणी म्हणेल. पण अशा प्रत्येक पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी असते. तो कुठे सापडला, केव्हा, कोणाला, हे तिच्यावर लिहिलेले असते. चोरीला गेलेल्या अनेक पक्ष्यांच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या आढळल्या. तिथी आणि ठिकाण नसलेला कागद जसा इतिहासाला मुका, तसा चिठ्ठी गेलेला पक्षी शास्त्राला मुका. जे ज्ञान सर्वांचे होते ते काही जणांच्या काचेच्या पेटीत बंद झाले. वाचकहो, कलेच्या नावाखाली झाले म्हणून त्याला आपण कला म्हणायचे काय?

यावर शौकिनांचे एक म्हणणे आहे आणि ते ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, परंपरा जशीच्या तशी जपायची तर अस्सल पीसच हवे. रागदारीत कुणी मनास येईल तो स्वर लावील काय? युक्तिवाद आकर्षक आहे. परंतु स्वर गायकाच्या गळ्यातून निघतो, दुसऱ्याचा गळा कापून नव्हे! शिवाय याच कलेत दुसरीही परंपरा आहे, आणि ती मला अधिक थोर वाटते. इंग्लंडमधील एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याने फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढ्या दोनच वस्तूंतून एक माशी बांधली. दोरासुद्धा नाही! फेझंट तिकडे खाण्यासाठी मारतातच, शेपूट उरते. ती माशी आज जगभर बांधली जाते. स्पेनमधील लेओन प्रांतात कुरुएन्यो नदीच्या खोऱ्यात पिसांसाठी कोंबडे पाळतात. तेथील पिसांचा उल्लेख १६२४ सालच्या एका हस्तलिखितात सापडतो. तेथे पाठीवरची पिसे वर्षातून काही वेळा उपटतात आणि कोंबडा जिवंत ठेवतात. उपटताना त्याला दुखत नसेल असे मी म्हणणार नाही. पण त्या शेतकऱ्याला कोंबडा जगवावा लागतो, एवढे खरे. ‘माराबू’ म्हणून जे मऊ पीस वापरतात ते एके काळी माराबू करकोच्याचे होते. आज ते टर्कीचे असते. कलेचे त्यामुळे काही बिघडले नाही.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना मेणासारखे चकचकीत पिवळसर ठिपके असतात. माशी बांधणाऱ्यांना ते डोळ्यांसारखे वाटतात आणि त्यांना फार मागणी. माना सोलून त्या परदेशी गेल्या. १९०२ साली सरकारने पक्ष्यांची कातडी व पिसे यांच्या निर्यातीला बंदी केली, तरी चोरटा व्यापार थांबला नाही. आज १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीला मनाई आहे, आणि ब्रिटनमध्ये हाच पक्षी पाळून त्याची पिसे मिळवतात. म्हणजे रानातला पक्षी न मारताही काम भागते! आमच्या गावामागच्या डोंगरात पहाटे रानकोंबडा आरवतो. त्याचा आवाज पाळीव कोंबड्यापेक्षा तुटक आणि खरखरीत. तो आवाज ऐकलेल्या माणसाला त्याची मान कुणाच्या पेटीतला नमुना म्हणून पाहवणार नाही.

आम्ही घरातून प्रथमच कॉलेजात आलेली मुले. हाताचे काम ते अडाण्याचे आणि डोक्याचे काम ते शहाण्याचे, असे आम्हाला न बोलता शिकवले जाते. याउलट एखादे हातकाम श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेले की त्याच्या जिनसाची किंमत वाढते, हाताची नव्हे. दोन्हीकडे हातच विसरला जातो. वडील ज्या कळकाचे डालगे विणतात तो कळक ओढ्याकाठचा. त्यात दुर्मिळ असे काही नाही. दुर्मिळ आहे ती त्यांच्या बोटांची जाण. साध्या कोंबड्याच्या पिसातून पाण्यावर जिवंत भासणारी माशी उभी करतो तो कलावंत. आणि जो पीस दुर्मिळ म्हणूनच माशी सुंदर मानतो तो फार तर गिऱ्हाईक. मोल करायचेच असेल तर ते हाताचे करावे. पीस पक्ष्याच्याच अंगावर शोभते.