व्हाउचरने शाळा सुधारते का? आधी पंचवीस टक्क्यांचा हिशेब मांडू

सरकारने शाळेला अनुदान देण्याऐवजी पालकाच्या हाती व्हाउचर द्यावे आणि पालकाने हवी ती शाळा निवडावी, ही मागणी अधूनमधून पुढे येते. आपल्या तरुणांनाही ती पटते. विद्यार्थ्यामागे पैसा फिरू लागला की शाळा विद्यार्थ्यासाठी धडपडतील आणि खाजगी शाळांचा दर्जा वाढेल, असा त्यामागचा तर्क आहे. हा तर्क तपासायला दूर जायची गरज नाही. व्हाउचरला अगदी जवळची अशी योजना महाराष्ट्रात वर्षानुवर्षे सुरू आहे. ती म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातील कलम 12(1)(क).

या कलमाप्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या असतात. अल्पसंख्याक शाळा यातून वगळलेल्या आहेत. प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतो आणि शुल्काची प्रतिपूर्ती सरकार शाळेला करते. चेक पालकाच्या हातात पडत नसला, तरी सरकारी पैसा मुलामागे खाजगी शाळेत जातो. म्हणून दर्जाचे काय होते, हे इथेच पाहता येते.

पहिली अडचण दराची आहे. शाळेचे शुल्क आणि सरकारचा प्रतिविद्यार्थी खर्च, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच शाळेला मिळते. महाराष्ट्रात ही कमाल रक्कम अनेक वर्षे वार्षिक 17,670 रुपये राहिली. कोविड काळात ती 8,000 रुपयांवर आणली गेली. त्यातही पैसे वेळेवर येत नाहीत आणि थकबाकीवरून संस्थाचालक व सरकार यांचा वाद दरवर्षी होतो. ज्या शाळेचे शुल्क 60 हजार आहे, तिला हे मूल तोट्याचे वाटते. ज्या छोट्या शाळेचे शुल्क 15 हजार आहे, तिला हे मूल हवे असते, पण पैसे दोन वर्षे अडकले तर ती काटकसर कुठे करते? बहुतेक वेळा शिक्षकाच्या पगारात. पगार कमी झाला की चांगला शिक्षक निघून जातो. म्हणजे दर्जा वाढवण्यासाठी आणलेला पैसा उशिरा आला, तर दर्जा खाली ओढतो.

अमेरिकेतील लुईझियाना राज्यात हे मोजून पाहिले गेले. तिथे व्हाउचर घेऊन खाजगी शाळेत गेलेल्या मुलांचे गणिताचे गुण सुरुवातीच्या वर्षांत घसरले. अभ्यासकांना आढळले की योजनेत आलेल्या शाळांपैकी अनेकांची पटसंख्या आधीच घटत होती. बऱ्या चाललेल्या शाळा बाहेर राहिल्या आणि रिकाम्या वर्गांच्या शाळा आत आल्या.

दुसरी अडचण निवडीची. निवड पालक करतो की शाळा? चिलीमध्ये 1981 साली, लष्करी राजवटीत, देशभर व्हाउचर आले. खाजगी शाळा भराभर वाढल्या. पण शाळांना मुले निवडण्याची आणि पुढे पालकांकडून वरचे शुल्क घेण्याची मुभा मिळाली. परिणामी सुखवस्तू घरांतील मुले एकीकडे गेली आणि गरिबांची मुले दुसरीकडे राहिली. एकूण शिक्षण सुधारल्याचा ठोस पुरावा अभ्यासकांना सापडला नाही. कारण चांगले शिकवण्यापेक्षा चांगल्या घरातली मुले निवडणे शाळेला स्वस्त पडते. शेवटी 2008 मध्ये गरीब मुलांसाठी जास्त रक्कम देण्याचा आणि 2015 मध्ये निवड, वरचे शुल्क व नफा थांबवण्याचा कायदा चिलीला करावा लागला.

भारतातला पुरावा आंध्र प्रदेशातला आहे. 2008 पासून तिथल्या 180 गावांत सोडतीने व्हाउचर देऊन चार वर्षे मुलांची प्रगती पाहिली गेली. तेलुगू आणि गणितात खाजगी शाळेतील मुले सरकारी शाळेतील मुलांपेक्षा पुढे गेली नाहीत, हिंदीत मात्र गेली. त्याच वेळी खाजगी शाळांचा दरडोई खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. व्हाउचरचे समर्थक हीच बचत दाखवतात. पण ही बचत मुख्यतः शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारातून येते. आपल्या समाजातील डी.एड., बी.एड. झालेल्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावे. त्या पगारावर राबणारे उद्या तेच असतील.

मग पंचवीस टक्के निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. दिल्लीतील उच्चभ्रू खाजगी शाळांवरच्या एका अभ्यासात असे दिसले की गरीब वर्गमित्र आल्यावर श्रीमंत मुलांचा भेदभाव कमी झाला, त्यांची मदतीची वृत्ती वाढली आणि अभ्यासावर फारसा वाईट परिणाम झाला नाही. शाळेचा दर्जा फक्त गुणपत्रिकेवर मोजायचा नसतो. एका बाकावर कोण कोणाशेजारी बसते, हाही दर्जाच आहे. वर्गाबाहेर बसून शिकलेल्या बाबासाहेबांच्या अनुयायांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच 9 फेब्रुवारी 2024 ची अधिसूचना गंभीर होती. एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट, असा नियम राज्य सरकारने केला. घोरावाडी, तळेगाव दाभाडे, देहूरोड या पट्ट्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जिल्हा परिषद, नगरपरिषद, कॅन्टोन्मेंट किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरात नाही अशा खाजगी शाळा इथे किती उरल्या असत्या? कंत्राटी कामगाराच्या मुलासाठी दार जवळपास बंदच झाले असते. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे रोजी या नियमाला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 रोजी तो रद्द केला. 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

ही लढाई पालक आणि संघटनांनी जिंकली, पण दोन फटी उरल्या आहेत. प्रतिपूर्ती आठवीपर्यंतच मिळते. नववीत पूर्ण शुल्क भरा किंवा शाळा सोडा, असा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलापुढे उभा राहतो. शिवाय शाळा व्यवस्थापन समितीची सक्ती विनाअनुदानित शाळांना नाही. सरकारी शाळेत पालक हिशेब विचारू शकतो. खाजगी शाळेत पुस्तके, गणवेश, सहल यांच्या नावाने पैसे मागितले तर तो एकटा पडतो.

तेव्हा व्हाउचर हवे की नको, या वादात अडकण्यापेक्षा आपण अटी मांडल्या पाहिजेत. पैसा पुरेसा आणि वेळेवर मिळावा. मुले निवडण्याची व वरचे पैसे घेण्याची शाळेला मुभा नसावी. शिक्षकाला किमान पगार आणि पालकाला समितीत जागा मिळावी. सवलत बारावीपर्यंत असावी. आणि हे करताना सरकारी शाळा मोडू नये. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली ती सरकारकडेच. शाहू महाराजांनी 1917 मध्ये ती जबाबदारी संस्थानावर घेतली. जवळची सरकारी शाळा चांगली असेल, तरच पालकाची निवड ही खरी निवड ठरते.

कार्यकर्त्यांनी करण्याजोगे एक काम लगेच हाती घेता येईल. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. घोरावाडीहून ते ठिकाण लोकलने दोन स्टेशनांवर आहे. दरवर्षी त्या दिवशी समाज तिथे जमतो आणि प्रवेशाचे अर्ज साधारण त्यानंतर सुरू होतात. त्या दिवशी पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल कागदपत्रांसाठी मांडावे. पालकाचा जातीचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, रहिवासी पुरावा तपासून द्यावा. अनुसूचित जातीच्या प्रवर्गात उत्पन्नाची अट नाही, हेही सांगावे. दाखल्यासाठी प्रांत कार्यालयात लागणारा वेळ धरला, तर जानेवारीत धावपळ करून भागत नाही. गेल्या वर्षी जादा पैसे मागितलेल्या पालकांच्या लेखी तक्रारी तिथेच गोळा कराव्यात आणि एकत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्याव्यात. एकट्या पालकाचा अर्ज फाइलमध्ये पडून राहतो. पन्नास पालकांच्या अर्जांना उत्तर द्यावे लागते.

जय भीम!