मिठाला कोण जागणार?

खाल्ल्या मिठाला जागावे, ही शिकवण आपल्याकडे मुलाला पाढ्यांच्याही आधी मिळते. मोठेपणी मात्र आपण ती बेताबेताने वापरतो. नोकराने धन्याच्या मिठाला जागावे, एवढाच तिचा अर्थ आपल्या सोयीचा असतो. धन्याने कुणाच्या मिठाला जागावे, हा प्रश्न सहसा निघत नाही. माझ्यापुढे तो निघाला तो घरापासून फार दूर, आणि योगायोग असा, की ज्या गावी निघाला त्या गावाचे नावच मुळी मिठावरून पडलेले आहे.

2025 च्या जुलै महिन्यात मॉरिशसमधल्या एका मराठी स्नेह्यांच्या घरी लग्न होते. इतके लांब आलोच आहोत तर शेजारचे मोठे बेटही पाहून घ्यावे, म्हणून मी मादागास्करला गेलो. राजधानी आंतानानारिव्होपासून दक्षिणेला सुमारे 170 किलोमीटरवर आंत्सिराबे नावाचे शहर आहे. मालागासी भाषेत 'सिरा' म्हणजे मीठ आणि 'बे' म्हणजे पुष्कळ; जेथे मीठ पुष्कळ ते आंत्सिराबे. विझलेल्या ज्वालामुखींच्या ह्या मुलखात जमिनीतून क्षारयुक्त गरम पाणी वर येते. आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांसारखेच म्हणा, पण समुद्रसपाटीपासून 1500 मीटरांवर, म्हणजे महाबळेश्वरापेक्षाही उंच. उष्ण कटिबंधातले बेट म्हणून मी पातळ सदरे बांधून नेले होते. पहिल्याच रात्री दोन ब्लँकेटांखाली कुडकुडत मी भूगोलाच्या मास्तरांची मनोमन क्षमा मागितली. विषुववृत्ताच्या खाली जुलै हा हिवाळा असतो, हे त्यांनी शिकवले होते.

गाव देखणे आहे. 1872 साली नॉर्वेहून आलेल्या मिशनऱ्यांनी येथे ठाणे दिले. 1896 साली फ्रान्सने सारे बेट घशात घातले, आणि मग फ्रेंच साहेबांना कळले की आपल्या देशातल्या विशी गावासारखेच औषधी पाणी येथेही आहे. लगेच रुंद रस्ते आले, वृक्षांच्या रांगा आल्या, स्नानगृह आले, आणि प्रशस्त बागेत भले मोठे 'हॉटेल दे तेर्म' उभे राहिले. 1923 साली राजधानीहून आगगाडीही आली. समुद्रकाठी हिवतापाने पिवळे पडलेले अधिकारी येथे येऊन गुलाबी होऊन परत जात. फ्रेंचांनी मोरोक्कोचे सुलतान पाचवे मुहंमद ह्यांना 1953 साली पदच्युत केले, तेव्हा त्यांनाही पुढे ह्याच गावी आणून ठेवले होते. 1955 साली ते मायदेशी परतले. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीला आणून बसवणाऱ्या इंग्रजांचे हे भाऊबंदच. तर असे हे विसाव्याचे गाव. प्रश्न इतकाच, की विसावा कुणाचा आणि घाम कुणाचा?

उत्तर रस्त्यावरच उभे होते. आंत्सिराबेच्या रस्त्यांवर आजही माणसाने ओढायच्या रिक्षा धावतात, तांबड्या, हिरव्या, निळ्या रंगांच्या. त्यांना 'पूस-पूस' म्हणतात. हा शब्द फ्रेंच, अर्थ 'ढकल-ढकल'. प्रत्यक्षात कोणी ढकलत नाही, पुढे दांड्यांमध्ये शिरलेला माणूस ती ओढतो. हॉटेलच्या दाराशी मला पाहताच पाच-सहा जणांनी घेरले. मी त्यांना बाणेदारपणे नकार दिला. माणसाने माणसाला ओढायचे, आणि तेही माझ्यासारख्या शहाऐंशी किलोंच्या माणसाला? 'दो बिघा जमीन' पाहून ज्या घरातली माणसे डोळे पुसत बाहेर आली, त्या घरातला मी! मी चालत निघालो.

त्यांपैकी एकजण रिकामी गाडी घेऊन मागोमाग आला. चाळिशीचा असावा, अंगावर जुनी लांबा, म्हणजे त्यांच्याकडची चादर, आणि त्या थंडीत पाय अनवाणी. मी थांबलो की तो थांबे, मी चाललो की तो चाले. अर्ध्या तासाने मी एका दुकानाशी थांबलो. दुकानदार गुजराती निघाला. त्याची तेथे तिसरी पिढी होती. मी त्याला म्हटले, "शेठ, ह्याला सांगा, मी बसणार नाही." त्या दोघांचे थोडे बोलणे झाले. दुकानदार हसला नाही. तो म्हणाला, "भाई, तो विचारतो आहे, माझ्या गाडीत साहेबांना काय खराब दिसले? चाक नवे बसवले आहे, गादी सकाळीच धुतली आहे."

माझे तत्त्व त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते. पोचला होता फक्त नकार.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याच गाडीत बसलो, भाड्याची घासाघीस न करता बसलो आणि वर चार पैसे जास्त दिले. मन कसे हलके झाले! आणि ते इतके चटकन हलके झाले, ह्याचाच मला संशय आला. परत त्या दुकानदाराकडे जाऊन मी आणखी एक प्रश्न विचारायला लावला, जो खरे तर आदल्या दिवशीच विचारायला हवा होता: ही गाडी कुणाची?

गाडी त्याची नव्हती. ती एका मालकाची होती, रोजच्या भाड्याने घेतलेली. गिऱ्हाईक मिळो न मिळो, भाडे द्यावेच लागते. सकाळच्या पहिल्या चार-पाच फेऱ्या मालकाच्या, मग उरेल ते घरच्या भाताचे. त्याच्यासारख्या बहुतेकांची गत तीच, असे दुकानदाराने सांगितले. म्हणजे पहिल्या दिवशी मी माणुसकीच्या नावाने जे हिरावले ते ह्याच्या भातातले होते, आणि दुसऱ्या दिवशी दयेच्या नावाने जे दिले त्यातले बरेचसे मालकाच्या पेटीत गेले.

आता आमच्या सुशिक्षित मंडळींतले दोन पक्ष पाहा. पहिला म्हणतो, "आम्ही असल्या गाडीत बसत नाही, ते अमानुष आहे." दुसरा म्हणतो, "आम्ही मुद्दाम बसतो. गरिबाला चार पैसे मिळतात." दिवाळीच्या फराळाला हे दोन पक्ष समोरासमोर आले की चिवडा संपतो, वाद संपत नाही. मी दोन दिवसांत दोन्ही पक्षांचा सभासद होऊन आलो आहे, आणि माझे म्हणणे असे की दोघांचाही रिक्षावाल्याशी संबंध नाही. दोघेही आपापल्या मनाच्या स्वास्थ्यासाठी धडपडत आहेत. एकाला न बसून स्वास्थ्य लाभते, दुसऱ्याला बसून. गरम पाण्यात डुंबून गुलाबी होणाऱ्या त्या फ्रेंच साहेबांपेक्षा आपण फार निराळे आहोत, असे मला म्हणवत नाही.

कुणी म्हणेल, हे सारे पाप गोऱ्यांचे. तसेही नाही. पूस-पूस येण्यापूर्वी मादागास्करात 'फिलान्झाना' होती: दांड्यांवर बसवलेली खुर्ची, चार माणसांच्या खांद्यांवर. तीत मालागासी सरदार बसत, मागाहून युरोपीय पाहुणेही बसले. आपल्या पालख्या-डोल्या कुणी वाहिल्या, हे का मी सांगायला हवे? खांदा वाहणाऱ्याचा आणि दांडी दुसऱ्याची, ही व्यवस्था कोणत्याही एका रंगाच्या माणसाने शोधलेली नाही. म्हणून ती नुसती राज्य बदलून जात नाही. मादागास्कर 26 जून 1960 रोजी स्वतंत्र झाला. पूस-पूस आंत्सिराबेत राहिली.

मी परतलो आणि महिन्याभरातच आपल्याकडची बातमी वाचली. 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा अमानुष ठरवून सहा महिन्यांत त्या टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले. विजेवर चालणाऱ्या रिक्षा राज्याने घ्याव्यात आणि खऱ्याखुऱ्या हातरिक्षा ओढणाऱ्यांना द्याव्यात, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही बजावले. मला आनंद झाला. न्यायालयाने दांडी सोडवली आणि पोटही विचारात घेतले. माझ्यासारखा कोरडा बाणेदारपणा केला नाही. पण त्या निर्णयातला एक शब्द मला खटकतो आणि तो मी बोलून दाखवणार. रिक्षा द्यायच्या त्या भाड्याने. आंत्सिराबेचा तो अनवाणी माणूस नसता भेटला, तर हा शब्द माझ्या डोळ्यांखालून सहज निसटला असता. मालक शेठ असण्यापेक्षा सरकार असणे बरे, हे मान्य. पण सकाळच्या पहिल्या फेऱ्या मालकाच्या, हे गणित त्याने मोडत नाही.

ते मोडता येते, हे आपल्याच देशात पूर्वी दिसले आहे. 1980 साली अमृतसरच्या सायकलरिक्षावाल्यांचे प्रकरण ह्याच न्यायालयापुढे आले होते. पंजाबच्या कायद्याने परवाना फक्त मालकचालकालाच मिळणार होता. हेतू चांगला, परिणाम असा की ज्यांच्याकडे गाडी घ्यायला पैसा नव्हता त्यांची रोजीच जायची. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी नुसता कायदा वैध की अवैध एवढे सांगून हात झटकले नाहीत. बँकेचे कर्ज मिळवून देण्याची व्यवस्था निकालातच बसवली, म्हणजे भाड्याने गाडी चालवणारा हप्ते फेडून गाडीचा धनी व्हावा. माथेरानच्या निर्णयात ह्या जुन्या निकालाची आठवण काढली आहे. मग त्यातला गाभाच का सोडावा? ज्याने वर्षानुवर्षे तांबड्या मातीत टाचा झिजवल्या, त्याला पाच-सात वर्षांच्या हप्त्यांनी रिक्षेचा मालक करता येणार नाही, इतके का आपले राज्य दरिद्री आहे?

हे मी कुणा परक्याच्या वतीने बोलत नाही. लहानपणी आम्ही मे महिन्यात माथेरानला जात असू. नेरळहून छोटी गाडी, मग स्टेशनापासून बंगल्यापर्यंत आई हातरिक्षेत, कारण तिला दमा होता. वडील बाजूने चालत. मी आईच्या मांडीवर. चढ आला की पुढच्या माणसाची मान ताणली जाई आणि मानेवरून घामाची धार उतरे, ती मी अगदी जवळून पाहिली आहे. आई उतरताना त्याला "दादा, पाणी घ्या" म्हणे आणि तांब्या पुढे करी. ती चांगली बाई होती. पण तिने कधी विचारले नाही, वडिलांनी विचारले नाही, मीही साठ वर्षे विचारले नाही, की दादा, ही रिक्षा कुणाची?

ह्या दिवाळीच्या सुटीत तुमच्यापैकी कित्येक मंडळी मुलाबाळांसह माथेरानला जातील. दस्तुरी नाक्याशी उतरल्यावर तुम्ही बसावे की चालावे, हे मी सांगणार नाही. गुडघे चांगले असतील तर चाला. म्हातारी माणसे बरोबर असतील तर बसा. पण रिक्षा हातांची असो वा विजेची, ती चालवणाऱ्याला एक प्रश्न मुलांच्या देखत विचारा: गाडी तुमची स्वतःची की भाड्याची? उत्तर ऐका. ते भाड्याचे असले तर घरी परतल्यावर वर्तमानपत्राला, आमदाराला, जिल्हाधिकाऱ्याला एक पत्र लिहा. चार ओळी पुरतील. शंभर घरांतून शंभर पत्रे गेली तर त्यांना उत्तर देणे भाग पडेल.

आंत्सिराबे सोडताना त्या माणसाने मला बसथांब्यापर्यंत नेले. उतरल्यावर त्याने चादरीच्या टोकाने बसायची गादी पुसली आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी उभा राहिला. त्या गावचे मीठ मी चार दिवस खाल्ले. मालागासी मालकाकडे माझे पत्र पोचणार नाही. माथेरानचे पत्र मात्र मी टाकले आहे. त्याला अजून उत्तर आलेले नाही. तुमचेही टाका, म्हणजे माझे एकटे पडणार नाही.