पगार तेवढा एकट्याचा?

गोव्यात वेगळा विवाहपूर्व करार नसल्यास 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पती-पत्नीची संपत्ती सामाईक होते. 1994 साली आयकर कायद्यात कलम 5-अ घालून हे तत्त्व मान्य झाले; त्यामुळे दवाखान्याचे उत्पन्न दोघांच्या नावे निम्मे-निम्मे धरले जाते. अपवाद मात्र पगाराचा. सरकारी आरोग्य केंद्रातील आपला सहकारी विवाहित असला तरी करकपात संपूर्ण पगारावर, त्याच्या एकट्याच्या नावे. गंमत अशी, की तोच पगार बँकेत ठेवला की व्याज पुन्हा दोघांचे! रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरचे घर सांभाळणाऱ्या गृहिणीचे श्रम दवाखाना चालविणाऱ्याच्या गृहिणीहून कमी कसे? हा अपवाद मला अन्याय्य वाटतो. तो रद्द होईपर्यंत निदान व्याज, भाडे आणि त्यांवरील करकपात नोकरदार दांपत्यांनी विवरणपत्रांत निम्मी-निम्मी दाखवावी.