दुसऱ्या कानाची जागा

१९७९ सालच्या जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेस जपानमधील दुकानांत एक लहानसे यंत्र विक्रीस आले. रंग निळा-रुपेरी, आकार हातात सहज मावेल एवढा. आत एक कॅसेट आणि दोन सेल घालावे, हेडफोन कानांवर चढवावा आणि गाणे ऐकत रस्त्याने चालू लागावे, एवढेच त्याचे काम. त्यावर ध्वनिमुद्रण करता येत नसे. त्याला स्वतःचा कर्णाही नव्हता. असले अपुरे यंत्र कोण विकत घेणार, अशी शंका ते बनविणाऱ्या सोनी कंपनीतल्याच पुष्कळांनी बोलून दाखविली होती. परंतु ऑगस्ट संपतो न संपतो तोच पहिली ३०,००० यंत्रे खपून गेली. हाच वॉकमन. खिशातल्या संगीताचे युग खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाले.

या यंत्राचा एक विशेष मात्र आज फारसा कोणास ठाऊक नसतो. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची वायर खोचण्यासाठी एक नव्हे, दोन भोके होती. शिवाय एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाण्याचा आवाज मंद होई आणि ऐकणाऱ्या दोघांना एकमेकांशी बोलता येई. सोनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनी आपल्या आत्मचरित्रात यामागचे कारण सांगितले आहे. यंत्राचा नमुना त्यांनी घरी नेला, तेव्हा आपण या श्रवणातून वगळलो गेलो असे त्यांच्या पत्नीला वाटले. चारचौघांत बसून एकट्यानेच गाणे ऐकणे हे लोकांना असभ्यपणाचे वाटेल, असे मोरितांच्या मनाने घेतले. म्हणून दुसऱ्या कानासाठी जागा ठेवण्यात आली.

पुढे काय झाले? ज्यांनी यंत्र घेतले, त्यांना ते केवळ आपल्यापुरतेच हवे होते. काही वर्षांत ते नारिंगी बटण गेले, मागोमाग दुसरे भोकही गेले. २००१ साली अमेरिकेत ॲपल कंपनीचा आयपॉड आला. त्यात एक हजार गाणी मावत. भोक मात्र एकच. २०२२ साली आयपॉडचीही निर्मिती थांबली, कारण तोपर्यंत गाणी मोबाइलमध्ये जाऊन बसली होती. गाण्यांची संख्या हजारपट वाढली, पण दुसऱ्या कानाची जागा काही परत आली नाही.

विद्यार्थिमित्रांनो, हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की आज तुमच्या हाती येणाऱ्या मोबाइलमध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदत आहेत. एक तुमचे गाणे, आणि दुसरी तुमची शाळा. गृहपाठ, वेळापत्रक, परीक्षेच्या सूचना, धड्यांच्या चित्रफिती, सारे काही आता शाळेच्या ॲपमधून येते. या दोहोंविषयी वडील मंडळी एकच प्रश्न विचारीत असतात : "किती वेळ पाहिलास? किती वेळ ऐकलेस?" हा प्रश्न वावगा नाही; परंतु मला त्याहून महत्त्वाचा वाटणारा प्रश्न निराळा आहे. या यंत्रात दुसऱ्या माणसाला जागा आहे काय?

प्रथम गाण्याचे पाहू. १९५५ सालच्या एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत. आठवड्याला एक नवे गीत याप्रमाणे छप्पन्न गीते पूर्ण होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. त्या काळी रेडिओ घरोघरी नव्हता. ज्यांच्याकडे होता, त्यांच्या ओसरीवर शेजारपाजारची माणसे येऊन बसत, आणि एका गीतासाठी सात दिवस वाट पाहत. आज तीच छप्पन्न गीते तुम्हांला एका दुपारीत ऐकता येतील, मध्येच थांबविता येतील, नको असलेले वगळताही येईल. ही सोय मी तुच्छ मानीत नाही. परंतु त्या ओसरीवर गाणे संपल्यानंतर जे बोलणे होई, ते या सोयीत नाही. एखादा शब्द कोणाला कळला नसेल तर आजी सांगे. एखाद्याला चाल आवडली तर तो गुणगुणू लागे आणि दुसरा त्याला सुधारी. आवडलेले गाणे दुसऱ्याला ऐकविल्याशिवाय चैन पडत नाही, हा तुमचाही अनुभव असेलच.

येथे कोणी विद्यार्थी म्हणेल, "तुम्हांला काय जाते सांगायला! आमच्या दहा फूट खोलीत सहा माणसे. एकीकडे दूरदर्शनची मालिका, दुसरीकडे धाकट्याचे रडणे, तिसरीकडे बाबांचे फोनवरचे बोलणे. कानांत इअरफोन घातला, तरच कोठे मला स्वतःचा असा एक कोपरा मिळतो." हे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. श्रीमंताच्या मुलाला स्वतःची खोली असते, दार असते, दाराला कडी असते. ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही, त्याच्यासाठी ती दोन लहान बोंडे म्हणजेच दार आणि कडी होय. दिवसातून काही वेळ ती कडी लावून घेण्याचा त्याला अधिकार आहे. त्यासाठी त्याच्यावर घुमेपणाचा शिक्का मारणे अन्यायाचे होईल. माझे म्हणणे एवढेच, की कडी आतून असते, ती आतूनच उघडावी लागते. आईने तीनदा हाक मारल्यावर एका कानातले बोंड काढून, "काय?" असे कपाळाला आठ्या घालून विचारणे, याला कडी उघडणे म्हणत नाहीत.

शिवाय बाहेरचा गोंगाट बुडविण्यासाठी आवाज चढवीत नेण्याची सवय फार महाग पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांनी आठवड्यात ४० तासांपर्यंत ७५ डेसिबल एवढाच आवाज ऐकावा. आवाज केवळ तीन डेसिबलने वाढला, तरी तो ऐकण्याचा निर्धोक काळ निम्म्यावर येतो. कानाच्या आत ध्वनी टिपणाऱ्या ज्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा नष्ट झाल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत.

आणखी एक गोष्ट ओघात सांगून टाकतो. गाणे ऐकत अभ्यास केल्याने तो चांगला होतो, असे पुष्कळ विद्यार्थी छातीवर हात ठेवून सांगतात. वाचन चालू असता शब्द असलेले गाणे कानी पडत राहिले, तर वाचलेले कमी समजते आणि कमी लक्षात राहते, असे मानसशास्त्राच्या प्रयोगांत वारंवार दिसून आले आहे. चित्र रंगविताना, वह्यांना कव्हरे घालताना खुशाल गाणे लावावे. इतिहासाच्या धड्याला मात्र जोडीदार नको.

गंमत अशी, की यंत्र बनविणाऱ्यांनी जे काढून टाकले, ते मुलांनी आपल्या युक्तीने परत मिळविले आहे. एस. टी.च्या बाकावर दोघी मैत्रिणी बसलेल्या असतात. इअरफोनच्या वायरीचे एक टोक हिच्या कानात आणि दुसरे तिच्या. बस खड्ड्यात आदळली की वायर ताणते आणि दोघीही हसतात. एक कान गाण्याकडे आणि एक कान मैत्रिणीच्या बोलण्याकडे! मोरितांच्या नारिंगी बटणाचे काम याहून वेगळे ते काय होते? बोंड पुसून घ्यावे आणि कान दुखत असेल त्याने ते दुसऱ्याला देऊ नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

आता शाळेच्या ॲपकडे वळू. गाण्याच्या बाबतीत दुसरी जागा नसली, तर आनंद थोडा उणा होतो. शाळेच्या बाबतीत मात्र ती नसली, तर कोणाचे तरी शिक्षण बुडते. म्हणून हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो.

ज्या घरात मोबाइल एकच आहे आणि तो वडील कामावर नेतात, त्या घरातल्या मुलीची कल्पना करा. दुपारी चारला शिक्षकांनी ॲपवर गृहपाठ पाठविला. तिच्या वर्गातल्या काही मुलांनी तो पाचच्या आत वाचला. हिचे वडील रात्री नऊला घरी येतात. मोबाइल पाच टक्क्यांवर आलेला असतो. तो चार्जिंगला लावून, मोठ्या भावाचे काम आटोपल्यावर तिची पाळी येते, तेव्हा डोळ्यांवर झोप असते. दुसऱ्या दिवशी वर्गात "गृहपाठ का केला नाहीस?" असे विचारल्यावर ती मान खाली घालते. आळशी म्हणून तिची गणना होते. वास्तविक आळस तिच्या ठायी मुळीच नाही. तिला निरोपच उशिरा मिळाला. फळ्यावर खडूने लिहिलेला गृहपाठ एकाच क्षणी साऱ्या वर्गाचा होत असे. पुढच्या बाकावरच्या मुलाला तो आधी आणि मागच्याला रात्री नऊला, असा भेद फळा करीत नव्हता.

म्हणून ॲप वाईट, असे कोणी समजू नये. यंत्र तेच असले, तरी ते कोणाच्या हाती आहे आणि तो ते कसे योजतो, यावर सारे अवलंबून असते. पाठ्यपुस्तकांत तुम्ही जो काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड पाहता, तो १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झपाट्याने व्हावी, हा त्यांचा हेतू होता. कविता ऐकविण्याचा खासच नव्हता. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकविणारे रणजितसिंह डिसले यांनी तो कोड पाठ्यपुस्तकात आणला. पुस्तकातील चौकट मोबाइलला दाखविली, की कविता ऐकू यावी, चित्रफीत दिसावी, अशी योजना त्यांनी केली. पुढे अशी पुस्तके राज्यभर गेली. २०१७ साली केंद्र सरकारने दीक्षा हे ॲप सुरू केले, त्यातही हेच कोड वापरले जातात. २०२० साली डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना त्यांनी त्यातली अर्धी रक्कम वाटून देण्याचे त्याच वेळी जाहीर केले.

त्याच वर्षी करोनाच्या साथीमुळे शाळा बंद होत्या. धडे मोबाइलवर येऊ लागले, आणि ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता किंवा रेंज नव्हती, ती मुले मागे पडू लागली. अशा वेळी महाराष्ट्रातील काही आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपक नेऊन त्यावरून धडे ऐकविण्यात आले. मुले मोकळ्या जागेत अंतराअंतराने बसत आणि ऐकत. ध्वनिक्षेपक हे यंत्र तसे पाहिले तर ओबडधोबड. लग्नात आणि निवडणुकीत आपण त्याला कंटाळून गेलेलो असतो. पण इअरफोनला जे साधत नाही, ते त्याला साधते : ज्याच्यापाशी काही नाही, त्यालाही ते ऐकविते.

माझे मत विचाराल तर शाळेने ॲपवर पाठविलेली प्रत्येक सूचना शाळा सुटण्यापूर्वी फळ्यावरही लिहावी. तसे करण्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. धड्याची चित्रफीत ज्याने त्याने घरी एकट्याने पाहण्यापेक्षा एकदा तरी वर्गात सर्वांनी मिळून पाहावी, मध्ये थांबवावी, शंका विचाराव्या. चित्रफितीतील शिक्षक कितीही उत्तम शिकवीत असले, तरी मागच्या बाकावरच्या मुलाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ त्यांना दिसत नाही. हे काम मोठ्यांचे आहे, आणि ते त्यांच्याकडून करून घेण्यासाठी वर्गाच्या प्रतिनिधीने मुख्याध्यापकांकडे विनंतीचा अर्ज नेण्यास काहीच हरकत नाही. अर्जलेखनाचा तो खरा सराव ठरेल!

तोवर तुमच्यापैकी ज्याच्या मोबाइलवर निरोप आधी येतो, त्याने तो कागदाच्या चिठ्ठीवर उतरून घ्यावा आणि शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या वर्गमित्राच्या घरी जाताना बरोबर न्यावा. तो घरी नसेल तर त्याच्या आईजवळ द्यावा. वाटेने जाताना कानात गाणे चालू असले तरी चालेल. रस्ता ओलांडताना तेवढे बंद करावे, आणि मित्राचे दार उघडले की एक बोंड त्याच्या हाती द्यावे.